डक्टमधला गवई

आमच्या इमारतीत जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर परीक्षा द्यावी लागते. कांबळे सरांचं दार अर्धवट उघडं असतं आणि आतून प्रश्न येतो, "गातोय का?" म्हणजे शेजारच्या डक्टमधला रातकिडा. "हो सर, किरकिरतोय," म्हणालात की नापास. "किरकिरते ती आपली सोसायटी. तो गातो!"

सर कॉलेजात जीवाश्म शिकवायचे. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी संपले, मग आम्ही सापडलो. त्यांच्याकडे पाहुण्याला चहाआधी भिंग मिळतं आणि कापसात ठेवलेला एक दगड. त्यावर नखाएवढ्या पंखाचा ठसा. "रातकिड्याचा पूर्वज. ही दातेरी शीर दिसली? पंखावर पंख घासायचा की झालं गाणं. तेव्हा आभाळात एक पक्षी नव्हता, पण हे गात होते." शनिवार पेठेत राहून सर शनिवारवाड्याला 'परवाचं बांधकाम' म्हणतात. दोन दिवस नळाला पाणी नसलं तरी त्यांचं आपलं, "आत्ताच तर गेलंय!"

गेल्या रविवारी संध्याकाळी झुरळांसाठी फवारणीवाला आला आणि सर डक्टच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

"सर, बाजूला व्हा," आमच्या अध्यक्षा सहस्रबुद्धेबाई म्हणाल्या. "एका किड्यासाठी सगळ्यांनी झुरळं पाळायची का?"

"बाई, डायनासोरांना पोचवून आलेलं घराणं आहे हे. तुमच्या औषधानं मरायचं त्यानं?" सर म्हणाले.

"असेल घराणं. पण वारस आहे का आत? आत्ता गातोय का, तुम्हीच सांगा. गात असेल तर हा डक्ट सोडते."

फवारणीवाल्यानं पंप खाली ठेवला. जिना चिडीचूप झाला. सरांनी डोळे मिटून दाराला कान लावला. इतक्या माणसांची चाहूल लागल्यावर रातकिडा कशाला गातोय! माझा जीव टांगणीला लागला.

आणि तो सुरू झाला. असा खणखणीत, की जिना भरून गेला. मी आनंदानं सरांकडे पाहिलं.

सर अजून ऐकतच होते. चेहरा तसाच. बऱ्याच वेळानं त्यांनी कान काढला.

"नाही," ते म्हणाले. "नाही गात." आणि बाजूला झाले.

रोजची ती परीक्षा नव्हतीच. सर खरोखरच विचारत होते.

फवारणीवाल्यानं पंप उचलला.

"सर, गातोय तो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "माझं मन राखताय?"

"मी कुणाचं मन राखत नाही, हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे," सहस्रबुद्धेबाई कडाडल्या. "गातोय मेला. डोकं उठवलंय." मग फवारणीवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही खालच्या गटारापासून सुरुवात करा. इथं काही मारायचं नाही." आणि डोळ्यांना पदर लावत त्याच्यामागून उतरल्या.

सर पायरीवर बसले. मी शेजारी टेकलो.

"बारीक आवाज गेले हो माझे," ते म्हणाले. "आमची ही, मालती, होती तोवर अडलं नाही. इथंच बसायचो आम्ही."

त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. मला कळेना.

"ती बोटानं ताल द्यायची. तो गाईल तसा."

आत तो गात होता. मी ऐकत ऐकत त्यांच्या हातावर बोट वाजवू लागलो. सरांनी डोळे मिटले आणि हळूहळू मान डोलवू लागले.

"जरा सावकाश," थोड्या वेळानं म्हणाले. "ती घाई करत नसे."