न्यायचे नाही

इस्पितळाच्या भांडारात चौतीस वर्षं काढलेल्या नानांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की परदेशी सामान पाठवणं त्यांच्या हातचा मळ आहे. आता उरलेलं आयुष्य मुलीजवळ, तिच्या देशात काढायचं ठरलं होतं. नानांनी महिनाभर यादी केली. एकसष्ट खोकी, प्रत्येकाला क्रमांक, तीन प्रती, पानापानावर सही. चमचेसुद्धा मोजलेले. नानी म्हणायची, हे घर आवरताहेत की जप्ती आणताहेत तेच कळत नाही.

जे बोटीनं जायचं नव्हतं, ते नानांनी न्हाणीघरात ठेवलं. प्रवासाचे कपडे, पासपोर्ट, तिकिटं, औषधं आणि घरमालकाची लाल बादली. दारावर कागद चिकटवला. वरच्या ओळीत 'हे सर्व न्यायचे' आणि खाली, दुप्पट मोठ्या अक्षरात, 'नाही'. कागद लांबलचक झाला, पण अक्षर छापल्यासारखं!

सामान बांधणारी चार माणसं सकाळी आली आणि टोळधाडीसारखी घरात पसरली. सगळं यादीबरहुकूम चाललेलं पाहून नाना निर्धास्त झाले. चहाला दात कशाला, म्हणत कवळी डबीत घालून न्हाणीघरात ठेवली आणि नानीला घेऊन शेजारी चहाला गेले. तेवढ्यात कपाट नेणाऱ्या एकाचा खांदा दाराला घासला आणि कागदाचा खालचा अर्धा भाग फाटून त्याच्या सदऱ्याला चिकटून निघून गेला. दारावर उरलं 'हे सर्व न्यायचे'. माणसं आज्ञाधारक होती. त्यांनी सर्व नेलं.

नाना परतले तेव्हा न्हाणीघरात फक्त नळ होता, तोही गच्च बसवलेला होता म्हणून. ट्रक निघून गेला होता आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं.

नाना पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यावरच टॅक्सीत बसले, कारण पँट ट्रकमध्ये होती. गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्याला त्यांनी कळवळून सांगितलं, "पाफपोत! आमफे पाफपोत!" पहारेकरी विचारात पडला. पाच पोती इथे कुणाचीच नाहीत, धान्याचं गोदाम पलीकडच्या गल्लीत आहे, असं त्याने अदबीनं सांगितलं. शेवटी नानीनं दुभाष्याचं काम हाती घेतलं.

आतली व्यवस्थापक बाई शांतपणे म्हणाली, की ओळखपत्र दाखवल्याशिवाय खोकं उघडता येत नाही. ओळखपत्र खोक्यातच आहे, असं नानीनं सांगितलं. बाईनं यादी काढली. क्रमांक एक ते एकसष्ट. त्यात पासपोर्ट नव्हते, औषधं नव्हती, बादली तर नव्हतीच. पानापानावर नानांची सही मात्र होती. सहीवाचून कापसाचा बोळाही न देणारे, भल्याभल्या डॉक्टरांना परत पाठवणारे नाना स्वतःच्याच यादीत अडकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, यादी जरा ढिसाळ असायला हवी होती.

नानीनं इकडेतिकडे पाहिलं. एका कोपऱ्यात बिनक्रमांकाचं खोकं पडलं होतं.

"हे उघडा," ती म्हणाली. "आत एक कवळी असेल. ती यांना बसली तर खोकं आमचं. नाही बसली तर आम्ही मुकाट्यानं घरी जातो."

बाईच्या पुस्तकात असा नियम नव्हता, पण याच्या विरुद्धही नव्हता. खोकं उघडलं. बादली निघाली, बादलीत डबी निघाली. नानीनं कवळी धुऊन नानांच्या हातात दिली. गोदामातले आठ हमाल हातातलं काम टाकून गोल उभे राहिले. नानांनी डोळे मिटून आ केला. खट्‌कन आवाज झाला आणि ते म्हणाले, "पासपोर्ट." हमालांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी पासपोर्ट नानीच्या पर्समध्ये गेले आणि पर्स तिच्या काखेत. बादली घरमालकाकडे पोचली. प्रवासाच्या दोन बॅगा भरताना नानांना खुर्चीवर बसून राहायला सांगण्यात आलं आणि ते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "बॅगा तुम्ही स्वतःच भरल्यात ना?"

नानांची छाती आपोआप फुगली. ते तोंड उघडणार, इतक्यात नानीनं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"मी भरल्यात," ती म्हणाली. "हे नुसते सोबत आलेत."