राक्षसाची कवळी

"बाबा, याला दात हवेत," असं म्हणून लेकीनं राक्षसाचं मुंडकं कवळीवाल्यांच्या पुढ्यात ठेवलं, तेव्हा ते हेडसरांची तिसरी कवळी घासत होते आणि मनातल्या मनात हेडसरांनाही घासत होते.

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देण्यात त्यांची उभी हयात गेली होती आणि ते नाव त्यांना असं काही चिकटलं होतं, की खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर ते आधी मागे वळून कुणाला बोलावताहेत ते बघत. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं आणि टेबलाच्या वर फळ्या. डॉक्टरांकडून ठसा आला की त्यात प्लास्टर ओतायचं, जबड्याचा साचा तयार झाला की तो फळीवर ठेवायचा आणि त्यावर कवळी घडवायची. चालू कामाचे साचे खालच्या फळीवर, जुने वरच्या. कोणता साचा कुणाचा, हे मात्र कुठंही लिहिलेलं नसे. कुणी लिहायला सुचवलं तर त्यांना तो अपमान वाटे.

"आई काय मुलाच्या कपाळावर नाव लिहिते?" ते विचारत. "मी जबड्यावरून माणूस ओळखतो."

हे दुसरं वाक्य घरात सगळ्यांना इतकं पाठ होतं, की ते सुरू झालं की सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवत.

सासूबाई त्यांच्याकडेच राहत आणि त्यांची स्वतःची एक तक्रार होती. जावयानंच पूर्वी केलेली त्यांची कवळी जुनी होऊन सैल झाली होती आणि बोलताना टकटक वाजत असे. नवी करून द्या म्हणून त्या जावयाच्या मागे लागून वर्ष लोटलं होतं. "हेडसरांचं एवढं निपटलं, की तुमचीच," असं कवळीवाले दर वेळी सांगत, आणि हेडसरांचं काही निपटत नव्हतं.

हेडसर म्हणजे एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. खालचे दात स्वतःचे, वरचं सगळं बोळकं. पहिली कवळी त्यांनी निसटते म्हणून परत पाठवली. दुसरी लावून ते एका सत्काराला गेले, "मित्रहो" एवढंच म्हणाले आणि कवळी पुष्पगुच्छात पडली. शिवाय दात फार पांढरे आहेत, हा जोडीला शेरा. परत आलेल्या दोन्ही कवळ्या टेबलाखालच्या डब्यात पडल्या. कवळीवाल्यांचा संताप संताप झाला. त्यांनी फळीवरचा हेडसरांचा साचा हातात घेऊन सासूबाईंनाच ऐकवलं, "बघा हा जबडा. अरुंद, हट्टी, कुणाचं ऐकून न घेणारा. अशा माणसाला कुठलीही कवळी बसायची नाही." सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पण दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटचं सांगून टाकलं होतं. शनिवारी हेडसर येतील, तेव्हा कवळी बसली नाही, तर यापुढचं सगळं काम त्या दुसरीकडे देतील. कवळीवाल्यांचं निम्म्याहून अधिक काम त्यांच्याकडून येई. त्यामुळे आठवडाभर त्यांना धड झोप नव्हती, आणि नेमकं त्याच आठवड्यात हे मुंडकं पुढ्यात आलं होतं.

लेक एका जाडजूड, न संपणाऱ्या अद्भुत कादंबरीची भक्त होती. त्या कादंबरीच्या वाचकांचा मेळावा शनिवारी संध्याकाळी होता आणि त्यात वेशभूषेची स्पर्धा होती. लेक त्यातला राक्षस, पाताळाचा पहारेकरी, होणार होती. गेले काही महिने घराची रया गेली होती ती त्यापायी. फ्रिजवर शिंगं वाळत होती. मोठ्या पातेल्यात कागदाचा लगदा भिजत पडला होता. बाथरूमच्या दांडीवर शेपूट लोंबत होतं आणि त्याला अंधारात हात लागून कवळीवाले एकदा ओरडलेही होते. सोफ्यावर बसलं की उठताना मागे चारदोन खवले चिकटून येत. बायको दिवसभर नोकरीवर असल्यामुळे तक्रार कुणाकडे करायची, हाही प्रश्नच होता.

"वरचे सगळे दात हवेत आणि दोन सुळे खालच्या ओठाच्याही खाली यायला हवेत," लेक म्हणाली. "आणि पांढरेशुभ्र नकोत हं. पिवळट, वापरलेले. तो फार म्हातारा आहे."

"त्याला म्हणावं ठसा पाठव."

"ठसा कशाला? मी तुमच्याकडचाच एक साचा आत बसवलाय. त्याच्यावरच तर तोंड बांधलं. बघा, निघतो पण."

आपण नाहीच म्हणणार, असं कवळीवाल्यांनी ठरवलं होतं. पण साचा हातात आला आणि बोटं आपोआप त्याच्या कडेवरून फिरली. खोल टाळू, रुंद, गोलसर कमान. अनेक दिवसांत इतका देखणा जबडा त्यांच्या हाती आला नव्हता.

"बघ, याला म्हणतात जबडा," ते हळवे होऊन म्हणाले. "हा माणूस अगदी समजूतदार असणार. जन्मात कधी कुरकुर केली नसेल. याचं काम करायला मिळालं, तर मी देवाचे आभार मानीन."

"मग करा ना."

नुसते दात चिकटवून दिले असते तरी राक्षसाचं भागलं असतं, आणि लेक तेच म्हणत होती. पण अर्धवट काम त्यांच्या हातून होत नसे. त्यांनी टाळू भरला, हिरडी रंगवली, कडा अशा बसवल्या की कवळी साच्यावरून ओढून काढावी लागे. सुळे तर त्यांनी इतक्या मायेनं घडवले, की आपण हेडसरांचं काम बाजूला ठेवलंय हे त्यांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. मग त्यांनी हेडसरांची कवळी घाईघाईनं पुरी केली, दोन्ही एकसारख्या पांढऱ्या डब्यांत ठेवल्या आणि अर्थातच डब्यांवर काही लिहिलं नाही.

शनिवारी सकाळी लेकीनं त्यांच्या टेबलावर शिंगं रंगवायला घेतली होती. डबे तिनं उचलून खिडकीत ठेवले होते. टेबल माझं आहे की पाताळाचं, यावरून दोघांची चांगलीच जुंपली. त्या तणतणीत कवळीवाल्यांनी खिडकीतला एक डबा उचलला, पिशवीत टाकला आणि तरातरा दवाखाना गाठला.

हेडसर खुर्चीत आडवे झालेलेच होते. चष्मा काढून त्यांनी छातीवर ठेवला होता. डॉक्टरीणबाई पलीकडे हातमोजे चढवत होत्या. हेडसरांना आता कवळी लावण्याचा एवढा सराव झाला होता, की कुणाची वाट न पाहता त्यांनी कवळीवाल्यांच्या हातातला डबा घेतला, चाचपडत आतली वस्तू काढली, तोंडात सरकवली आणि अंगठ्यानं वर दाबली.

चप्प असा आवाज झाला. असा आवाज म्हणजे कवळी टाळूला बसली. हा आवाज ऐकण्यासाठी कवळीवाल्यांनी गेले काही महिने जीव टाकला होता. त्यांनी सुटकेचा श्वास घेऊन हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांच्या खालच्या ओठावरून दोन लांब, पिवळट, सुबक सुळे खाली उतरले होते.

"मित्रहो," हेडसर म्हणाले. जरा थांबले. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "आदरणीय अध्यक्ष, प्रतिष्ठित पाहुणे आणि प्रिय विद्यार्थ्यांनो." एकही अक्षर घसरलं नाही. त्यांचे डोळे पाणावले. "बसली हो. अगदी माझी स्वतःची वाटते."

डॉक्टरीणबाई वळल्या आणि त्यांनी खुर्चीवरचा दिवा लावला.

"सर, जरा चूक झालीय," कवळीवाले कसंबसं म्हणाले. "ती काढा. ती तुमची नाही."

"माझी नाही, तर मला बसली कशी?"

डॉक्टरीणबाईंनी आरसा पुढे केला. हेडसरांनी चष्मा लावला आणि बराच वेळ आरशात पाहिलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"दोन दात जरा लांब झालेत," ते शांतपणे म्हणाले. "पण रंग आत्ता कुठं माणसाचा वाटतो."

"सर, मी दुसरी आणतो. तासाभरात."

"तुमच्या आधीच्या दोन पाहिल्या. उद्या शाळेत माझं भाषण आहे. बसलेली कवळी मी तोंडातून काढणार नाही. काय तासायचं ते तोंडातच तासा."

कवळीवाले बाहेरच्या गॅलरीत गेले आणि त्यांनी घरी फोन लावला. ते काही बोलायच्या आतच लेक सुरू झाली.

"बाबा, माझे सुळे कुठायत? डब्यात कुणाची तरी सभ्य कवळी आहे."

"तुझ्या राक्षसाचा साचा कुठून घेतला होतास?"

"खालच्या फळीवरून. वरच्या सगळ्यांचे कोपरे उडालेत. हा नवाकोरा होता."

"अगं, ती चालू कामाची फळी. हेडसरांचा साचा होता तो."

"मला काय माहीत? तुम्ही कुठं लिहून ठेवता? आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून वरचा एक तिथं ठेवला की मी. साधारण तसाच होता."

कवळीवाल्यांनी बोटांवर मोजलं. म्हणजे तिन्ही कवळ्या त्यांनी भलत्याच कुणाच्या जबड्यावर घडवल्या होत्या. आणि हेडसरांचा खरा जबडा हातात घेऊन, हा माणूस जन्मात कुरकुर करणार नाही, असंही तेच म्हणाले होते.

"कुणाचा ठेवलास?" त्यांनी विचारलं.

"मी कशी सांगणार? जबड्यावरून माणूस तुम्ही ओळखता."

तोंडातल्या तोंडात सुळे तासायचं काम डॉक्टरीणबाईंनी केलं. आपल्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर सुळ्यांचा भुगा हेडसरांच्या हनुवटीवर पडताना त्यांना बघवेना. हेडसर निघताना त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, की पहिल्या दोन वेळा तुम्ही मनापासून केलं नव्हतं, हे मला जाणवत होतं. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या आठवड्याचे ठसे त्यांच्या पिशवीत ठेवले आणि काम असंच होऊ द्या म्हणाल्या. मान खाली घालून कवळीवाले हो म्हणाले. आपण वाचलो, याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

संध्याकाळी लेक राक्षसाच्या तोंडात हेडसरांची ती तिसरी, सभ्य, पांढरीशुभ्र कवळी गरम गोंदानं चिकटवून मेळाव्याला गेली आणि बक्षीस घेऊन पाय आपटत परत आली. म्हाताऱ्या पहारेकऱ्याला कवळी लावण्याची कल्पना फार खोल आहे, असं परीक्षक म्हणाले होते. सभागृहात सगळे खो-खो हसले होते. "मला भीती दाखवायची होती," असं म्हणून तिनं बाबांशी बोलणं बंद केलं.

रात्री जेवायला बसल्यावर त्यामुळे कुणीच बोलत नव्हतं. त्या शांततेत कवळीवाल्यांना कुरुम कुरुम असा आवाज ऐकू आला. त्यांनी मान वर केली. सासूबाई कडक टोस्ट खात होत्या. गेली काही वर्षं त्या टोस्ट दुधात बुडवल्याशिवाय खात नसत.

कवळीवाल्यांनी हातातला घास खाली ठेवला. टकटक वाजत नव्हतं. दात पांढरेशुभ्र होते आणि ते कुणाच्या हातचे आहेत, हे त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळलं असतं.

"आई, ही कवळी..."

"तुमच्या टेबलाखालच्या डब्यात होती. माझी जुनी वाजते, ही वाजत नाही, मी न वाजणारी घेतली," सासूबाई म्हणाल्या. "लावली तर बरोब्बर माझ्या मापाची. म्हटलं, जावईबापू तोंडानं वेळ नाही म्हणतात, पण मनात ठेवून करतात हो. तुमच्या बायकोलाही मी तेच सांगितलं."

"किती दिवस झाले?"

"महिना तरी झाला असेल. रोज समोर बसून जेवतेय की." त्यांनी टोस्टचा आणखी एक तुकडा मोडला. "तुम्हाला दिसली नव्हती?"

लेकीनं इतका वेळ धरलेला अबोला विसरून बाबांकडे पाहिलं. अरुंद, हट्टी, कुणाचं ऐकून न घेणारा, हे कवळीवाल्यांना आठवलं आणि तोच जबडा समोर टोस्ट चावत होता. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी एवढंच विचारलं, की बसलीय ना नीट, कुठं टोचत तर नाही?

"नाही. दात तेवढे फार पांढरे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी लक्ष ठेवा."

जेवण झाल्यावर कवळीवाले मागच्या खोलीत गेले. खालच्या फळीवरचा कोपरा उडालेला साचा त्यांनी खाली घेतला, लेकीच्या रंगांतून एक बारीक ब्रश शोधला आणि साच्याच्या तळाशी सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं: सासूबाई. मग त्यांनी शेजारचा साचा उचलला, दिव्याजवळ धरला, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि लेकीला हाक मारली.

"जरा इकडे ये गं," ते म्हणाले. "हा कुणाचा असेल, तुला काही वाटतं?"