अठ्ठ्याण्णव गुणांची शिट्टी

बास्केटबॉलच्या पंचांच्या लेखी परीक्षेत मला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले! उरलेले दोन का गेले म्हणाल, तर तो प्रश्नच चुकीचा होता. तसं मी परीक्षा मंडळाला तीन पानी पत्र लिहून कळवलंही आहे. उत्तर आलेलं नाही. सांगायचा मुद्दा काय, तर नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारा, चेंडू फळीच्या मागच्या बाजूला लागला तर? आउट!

आता राहिली होती फक्त प्रत्यक्ष परीक्षा. एक खरा सामना चालवायचा, परीक्षक बसून बघणार. पास झालो तर पंचाचा बिल्ला, नापास झालो तर दोन वर्षं अर्जच करायचा नाही. मी म्हटलं, त्यात काय, डाव्या हाताचा मळ!

सामना होता परिचारिका विरुद्ध शिक्षिका. अंतिम सामना. आणि परिचारिकांची कॅप्टन माझी सख्खी मोठी ताई! मी प्रामाणिकपणे परीक्षकांना तसं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "वा! मग तर छानच. बघू या की."



मी ताईला बाजूला घेऊन बजावलं, "हे बघ, मैदानावर मी तुझा भाऊ नाही."

"बरं झालं सांगितलंस," ताई बुटाची नाडी आवळत म्हणाली. "आईला कळवते."

दुसरे पंच होते अण्णा. तीस वर्षं शिट्टी फुंकताहेत आणि नियमांच्या नव्या पुस्तकाचं प्लास्टिकही अजून फाडलेलं नाही! मला म्हणाले, "धक्का लागला की लगेच फुंकू नकोस. आधी बघ, त्याने कुणाचं काही बिघडलं का? बिघडलं तर फुंक. नाहीतर खेळू दे पोरींना."

"पण अण्णा, नियमात..."

"नियम पाठ आहेत ना? झालं तर मग. आता डोळे वापर."

काय हा अडाणीपणा, असं मी मनात म्हटलं. देव मला क्षमा करो.

सामना सुरू झाला. विसाव्या सेकंदाला एका परिचारिकेचा हात शिक्षिकेच्या पाठीला लागला. फुंकली! मग कोपर लागलं, फुंकली! खांदा लागला, फुंकली! पहिल्या पाच मिनिटांत मी इतक्या शिट्ट्या मारल्या, की बाहेरच्या रस्त्यावर एक मोटार घाबरून कडेला थांबली. आणि प्रत्येक शिट्टीला परीक्षक वहीत काहीतरी लिहीत होते. गुण देताहेत! माझा हुरूप वाढला.

मध्यंतरात अण्णा पाण्याची बाटली घेऊन आले. "ते काय लिहिताहेत ठाऊक आहे का तुला? तुझ्या शिट्ट्या मोजताहेत. त्रेपन्न झाल्या."

"त्रेपन्न चांगल्या की वाईट?"

"पाणी पी," अण्णा म्हणाले आणि त्यांनी बाटली माझ्या हातात कोंबली.

पण खरी आफत पुढेच होती. एकीचे पाच फाऊल झाले की ती बाहेर, हे सगळ्यांना माहीत असतं. शिक्षिका होत्या बारा. एक गेली की दुसरी उभी! परिचारिका मात्र सहाच, बाकीच्यांची ड्यूटी होती. त्यातल्या दोघी मी आधीच घरी पाठवल्या होत्या. मध्यंतरानंतर तिसरी गेली. वाटायचं, ही शिट्टी सोडून द्यावी. लगेच वाटायचं, परीक्षक म्हणतील, बहिणीला सांभाळून घेतो! की फुंकलीच. चौथी गेली. मैदानावर पाच शिक्षिकांसमोर दोनच परिचारिका उरल्या. त्यातली एक ताई, आणि तिच्या नावावर चार फाऊल!

आता पुस्तकात असंही लिहिलंय, की मैदानावर दोन खेळाडूही उरल्या नाहीत, तर सामना तिथेच संपतो आणि तो संघ हरतो. परीक्षेत या प्रश्नाचे मला पूर्ण गुण होते. पण तो नियम आपल्या हातून आपल्याच बहिणीवर चालवायची वेळ येईल, असं पुस्तकात कुठेच म्हटलेलं नव्हतं!

"अहो पंच," ताई धापा टाकत जवळून गेली, "महिनाभर सगळ्यांच्या हातापाया पडून पाळ्या बदलून घेतल्यात आम्ही. लक्षात असू द्या."

फुंकली तर बहीण जाणार, नाही फुंकली तर बिल्ला. इकडे आड, तिकडे विहीर!

शेवटचे सहा सेकंद. परिचारिका एका गुणाने पुढे, कशाबशा. शिक्षिकांची कॅप्टन चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावली, ताई आडवी गेली, दोघींचे हात वर गेले आणि फट् असा आवाज आला! अण्णा पार पलीकडच्या टोकाला. निर्णय माझा, एकट्याचा. चेंडू उडून बाहेर गेला आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

शिट्टी नाही! परिचारिका जिंकल्या!

शिक्षिकांची कॅप्टन माझ्यावर ओरडली, "हाताला लागलं माझ्या!" मी तोंडात शिट्टी तशीच धरून उभा.

परीक्षक प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून शांतपणे खाली आले. मी डोळे मिटले. "बहात्तर शिट्ट्या मारल्यात," ते म्हणाले, "त्यातल्या साठ नको होत्या. तुम्हाला नापासच करणार होतो. पण शेवटी एवढ्या दडपणातही थांबलात. लागलं ते नुसतं चेंडूला, अचूक हेरलंत! त्यावरच पास करतोय." अण्णांनी पाठ थोपटली, "आज डोळे उघडले पोराचे."

बाहेर ताईने माझा कान धरला आणि हळूच म्हणाली, "चांगला सणसणीत फटका मारला होता मी तिला. बहीण म्हणून सोडलीस ना? गुणाचा रे माझा भाऊ!"

खरं काय ते मी कुणालाच सांगितलं नाही. तुम्हाला म्हणून सांगतो, कुठे बोलू नका. मी शिट्टी फुंकली होती! गाल दुखेपर्यंत, जीव तोडून! पण भीतीने तोंडाला अशी कोरड पडली होती, की ओठ शिट्टीवर बसेचनात. नुसती हवा गेली.

आता बिल्ला मिळाला आहे. 'या पंचाची नजर मोठी अचूक' अशी माझी ख्यातीही झाली आहे. म्हणूनच हल्ली महत्त्वाच्या सामन्याआधी मी सकाळपासून पाणी पीत नाही.