दिवाणबदलाची आणि गोल चकतीची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास नमन, हत्यारांस नमन. ज्याचे हातून चूक घडली त्याचेही देव भले करो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरी ही गोष्ट घडली.

राज्य म्हणावे तर पत्र्याची एक शेड, अठरा फूट लांब, अकरा रुंद. तेथे राजश्री मुकुंदराव हुद्लीकर आणि राजश्री दिनकरपंत सोनटक्के, दोघेही कारखान्यातोन निवृत्त जाहलेले टर्नर, जोडीने राज्य करीत. त्यांणी सहा वर्षे खपोन, भंगार जमवोन, धातू कापणारे यंत्र सिद्ध केले. आणि यंत्रास हुकूम देणारे जे संगणकातील सॉफ्टवेअर, त्यास दरबारी दिवाण म्हणत. दिवाण जुना, हेकट, जुनाट संगणकाखेरीज कोठे न बसणारा; परंतु पंतांची त्याजवर बहुत मर्जी. यंत्राचे आटे भंगारातले, कोठे घट्ट कोठे ढिले. ती ढिलाई पंतांनी सबंध उन्हाळा बारीक मापाची डायल लावोन बोटाबोटाने मोजली, बेचाळीस आकडे काढिले आणि दिवाणाचे पदरी घातले, की तितकी ढिलाई धरोन हुकूम द्यावा. मग यंत्र ऐसे गोल कापू लागले की बाजारच्या यंत्रांनी माना खाली घालाव्या. मुकुंदरावांस मात्र नव्या दिवाणाचे वेड. मुलखोमुलखीचे हौशी कारागीर त्याची थोरवी संगणकावर गात, ती हे रोज वाचीत आणि मनात जळत. आणि विषय काढावा तो पंत म्हणत, चालत्या गाड्यास खीळ कशास घालतोस. दोन वर्षे हीच मसलत आणि हेच रुसवे.

मग आश्विनात पंतांचे यकृताने दगा दिला आणि पंत इस्पितळी दाखल जाहले. मुकुंदराव रडले; आणि खरे सांगावे तर मनात ऐसेही आले, की आता अडविणारा कोणी नाही. पंत बरे होवोन येतील तो नवा दिवाण बसवोन त्यांस चकित करावे, ऐसा मनसुबा करोन एका दुपारी त्यांणी जुना संगणक पुसोन साफ केला आणि नव्यास गादीवर बसविले. अहो, पुसण्याआधी आकड्यांची फाइल उतरोन घ्यावी, हे शेंबड्या पोरासही सुचते, या शहाण्यास न सुचले! हात दाखवोन अवलक्षण. पहिली चकती कापिली तो कडेस चार ठिकाणी पायऱ्या. मुकुंदरावांनी दिवाणास दोष दिला, मग तारांस, मग विजेस, आणि मग उमजले, की पंतांचे आकडे जुन्या दिवाणासवे पुसले गेले. आकडे कागदावर कोठे नव्हते. स्वतः डायल लाविली, परंतु डोळ्यांत मोतीबिंदू, दर खेपेस आकडा निराळा.

इस्पितळी गेले तो पंत वाळोन खाटेस लागलेले, परंतु बोलणे शुद्ध. पंतांनी यंत्राची खबर पुसली. मुकुंदराव म्हणाले, उत्तम चालते.

"मग एक चकती कापून आण," पंत बोलले. "हातात धरून बघतो. एवढंच राहिलंय."

आता कबूल करावे तर मित्राचे काळीज तुटते, न करावे तर गोल चकती कोठोन आणावी? मग मुकुंदरावांनी तीच वाकडी चकती वाइसच्या लोखंडी जबड्यात धरिली आणि तीन दिवस कानशीने घासली, आणि मग बारीक कानस, आणि मग पॉलिश पेपर. बोटांची सालटी निघाली, पायऱ्या गेल्या, तेज चढले, आणि आपल्याच हाताचा त्यांस अभिमान वाटला.

चवथे दिवशी पंतांचे डोळे पिवळे आणि बोलणे जड. चकती घेवोन त्यांणी अंगठा कडेवरोन फिरविला, एक फेरा, दुसरा फेरा.

"मुकुंदा, ही कानस आहे. माझे आकडे कुठं गेले?"

"पुसले. माझ्या हातून."

पंत रागावले नाहीत. रागावते तर बरे होते.

"मग त्याच दिवशी विचारायचंस की रे. सगळे पाठ होते मला. लिही."

मुकुंदरावांनी औषधाचे खोक्यावर लिहिले. एक, दोन, ऐसे सहा आकडे आले. सातवा म्हणोन पंतांनी पुन्हा पहिलाच सांगितला, मग पुन्हा पहिला, आणि मग कारखान्यातील कोणा फोरमनाशी बोलू लागले. सायंकाळी शुद्ध हरपली आणि दुसरे दिवशी पंत कैलासवासी जाहले.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. बेचाळीसांपैकी सहा हाती आले. नवा दिवाण गुणी आहे, त्याचा अपराध नाही. मुकुंदराव रोज शेड उघडितात, यंत्रापाशी बसतात, आणि कानशीचे ते तीन दिवस मोजोन घरी येतात.