डोळे झाकून चाकं खाली

"पायलटला काय विचारायचंय? कॉकपिट मला कळतं, त्यांनी नुसतं उडवायचं!" डिझायनरने सकाळी सकाळी बायकोला ऐकवलं.

"स्वयंपाक मला कळतो, तरी मीठ कमी पडल्याचं तुम्हीच सांगता ना?" बायकोने डबा हातात कोंबला.

पण गडी ऐकतोय कसला! लढाऊ विमानातली बटणं आणि मुठी कुठे असाव्यात हे त्याने एकट्याने ठरवलं होतं. आज फायटर पायलटने पसंती दिली की तो विभागप्रमुख. नाही दिली, तर परत ऑफिसच्या खुर्च्या डिझाइन करत बसा! तरी ऐट काही कमी नाही.

कारखान्यात प्लायवूडचं कॉकपिट मांडलं होतं. साहेबांनी दम भरला, "चाचणी संपेपर्यंत डिझायनर आणि पायलट सोडून कुणी चकार शब्द काढायचा नाही. मीसुद्धा!"

पायलट आली, जाड हातमोजे चढवून आत बसली आणि तिने डोळ्यांवर पट्टी बांधली.

"हे काय, मॅडम?" डिझायनर चपापला.

"लढताना खाली बघायला फुरसत कुणाला? तुम्ही नाव घ्या, मी हात लावते."

"रेडिओ!"

मोज्यातल्या जाडजूड बोटाने दोन बटणं एकदम दाबली. "रेडिओ लागला, इंजिन बंद पडलं! पुढे?"

डिझायनरला घाम फुटला. काय बिघडलं ते बघायला साहेब डावीकडून आत वाकले.

"चाकं खाली!" तो बोलून गेला.

चाकांची मूठ शोधत पायलटने डावीकडे हात घातला आणि साहेबांचं नाकच मुठीत आलं! तिने ते करकचून धरून खाली ओढलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण नियम त्यांचाच ना! डिझायनरने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे वा! ही मूठ झकास आहे हं. मोज्यातूनही लगेच कळते. बाकी सगळं काढून टाका, ही तेवढी ठेवा!"

मग तिने पट्टी सोडली. "अगं बाई! सॉरी, सर!"

डिझायनरला डोळ्यांपुढे खुर्च्याच खुर्च्या दिसू लागल्या.

"बघताय काय?" साहेब नाकातून म्हणाले. "उद्यापासून मॅडम तुमच्या शेजारी बसतील. त्या सांगतील तिथे बटण! आणि ती मूठ आवडलीय ना त्यांना, मग हुबेहूब तशीच बनवा."

"हुबेहूब?"

"कामाला लागा!"

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "काय हो, झालात का विभागप्रमुख?"

"नंतर बोलतो गं," तो कुजबुजला. "साहेबांच्या नाकाचं माप घेतोय."