नमुना खाल्ला गेला

सासूबाईंनी काहीतरी खाल्लं, हे ऐकून सुनेनं खरं म्हणजे देवाला हात जोडायचे. त्याऐवजी ती रविवारच्या भाजीच्या पिशवीसकट दारातल्या स्टुलावर मटकन बसली.

"काय खाल्लंत म्हणालात, आई?"

"तुझ्या ऑफिसच्या पर्समधलं ते. साबणाच्या वडीसारखं, चकचकीत कागदातलं. डोकेदुखीची गोळी शोधत होते, तर ते सापडलं. बरं होतं गं."

"पाकिटावर लाखेचं सील होतं, आई."

"हो, फार घट्ट होतं. कात्रीनं कापलं."

सून अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत होती. पाकिटात एका नव्या प्रोटीन बारचे तीन नमुने होते. शनिवारी संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करून ती खाली उतरली, तेव्हा बारच्या कारखान्याचा मालक पाकीट घेऊन फाटकाशी धापा टाकत उभा होता. लिफ्ट बंद, वर चार मजले, कपाट कुलपात, आणि गुडघे तर महिनाभर बोलतच होते. 'सोमवारी नेईन' म्हणून तिनं पाकीट पर्समध्ये टाकलं. नमुना घरी न्यायचा नाही, हा तिथला पहिला नियम. मागच्या वर्षी सील तुटलेला नमुना दडवला म्हणून एकाला साहेबांनी घरी बसवलं होतं, आणि तो अजून घरीच होता.

"उरलेले दोन कुठायत?" तिनं विचारलं.

"एक, हे गेले म्हणून ती दोघं भेटायला आली होती ना, त्यांना चहाबरोबर कापून दिला. रडायला आलेली माणसं, नुसता चहा कसा द्यायचा? रडता रडता दोनदा मागून घेतला मेल्यांनी. आणि एक आत्ता, तू यायच्या आधी."

"म्हणजे तुम्ही दोन खाल्लेत?"

"रागावलीस?"

कशी रागावणार? सासरे गेल्यापासून बाईंच्या पोटात चहाखेरीज काही राहत नव्हतं. जन्मभर सासऱ्यांनी ताटातल्या प्रत्येक पदार्थाला नाव ठेवलं होतं. भात गिचका, भाजी अळणी, रसा म्हणजे पायधुणी. सासूबाई चिडायच्या, फणकारायच्या, आणि मग जेवायच्या. आता पहिला घास घेतला की त्यांचा हात थांबायचा. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं कान लावून बसायच्या आणि ताट सारायच्या. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "या आठवड्यात खाल्लं नाही, तर दाखल करावं लागेल. आणि या वयात दाखल केलेलं माणूस..." पुढं त्यांनी चष्मा पुसला होता. नवरा नोकरीपायी परगावी. रोज फोनवर विचारायचा, "आई जेवली?" आणि रोज सून विषय बदलायची.

"मग हेच कसं खाल्लंत, आई?"

सासूबाईंनी रिकामा चकचकीत कागद बोटांनी सपाट केला. मग म्हणाल्या, "याला ते कधी काही म्हणाले नव्हते ना."

सोमवारी सकाळी सून आधी कारखान्यात गेली. दुसरा नमुना मिळाला, तर साहेबांपुढं कबुली देताना निदान हात रिकामे नसतील. कारखाना म्हणजे बेकरीमागची एक अंधारी खोली. भिंतींना पाकाचा चिकट वास, कोपऱ्यात छापील वेष्टनांचे गठ्ठे. प्रत्येक वेष्टनावर एक दंड फुगवलेला माणूस आणि खाली ठळक अक्षरांत 'वीस ग्रॅम प्रोटीन'. मालक स्वतः मात्र फुंकर मारली तर उडेल असा.

"माफ करा," ती हळूच म्हणाली. "तुमचा नमुना खाल्ला गेला."

मालकाचा चेहरा पांढरा पडला. "खाल्ला गेला? कोणी खाल्ला?"

"सासूबाईंनी."

त्यानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग दार लावून घेतलं.

"सासूबाईंनी," तो म्हणाला. "समजलो. किती भरलं?"

"काय किती भरलं?"

"मॅडम, मीही संसारी माणूस आहे. तोंडावर 'नापास' म्हणवत नाही म्हणून तुम्ही सासूबाईंना मध्ये घातलंत. हा तुमचा मोठेपणा. पण आता सांगूनच टाकतो. प्रोटीनची पावडर परवडली नाही हो. वेष्टनं आधी छापली आणि मग हिशोबाला बसलो. वीस कुठले, चारसुद्धा नसतील. साखर, मैदा आणि वासापुरतं शेंगदाण्याचं कूट."

"अहो, पण मी खरंच—"

"नका, नका. आणखी लाजवू नका." त्यानं तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला. "साहेब, आमचा नमुना आम्ही परत घेतोय. माल बाजारात आणत नाही. आणि तुमच्या मॅडमना जपा. अशी सभ्य बाई हल्ली बघायला मिळत नाही."

नोकरी वाचली. कालपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला, आणि तो उतरतोय तोवर मालक दार उघडून कामगाराला म्हणाला, "सगळा माल बाहेर काढ. वेष्टनांसकट जाळून टाकू."

"जाळू नका!" सून ओरडली. आयुष्यात ती परक्या माणसावर पहिल्यांदाच ओरडली असेल.

"का?"

"मला हवेत. जेवढे असतील तेवढे."

"मॅडम, त्यात काही नाही हो!"

"कळलं मला. पण त्या दुसरं काही खातच नाहीत."

"कोण खात नाही?"

"सासूबाई!"

मालकाचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे सासूबाई खरोखरच आहेत?"

"मग मघापासून मी काय सांगतेय?"

"आणि तपासणी?"

"झालीच नाही."

मालक पिठाच्या पोत्यावर हळूहळू खाली बसला. "म्हणजे मी उगाचच बोललो," तो म्हणाला. तेवढ्यात साहेबांचा उलटा फोन आला. प्रामाणिक उद्योजक म्हणून त्यांना त्याचं अभिनंदन करायचं होतं. आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती. मालकानं अभिनंदन कसंबसं गिळलं, आणि बारचं खोकं तिच्या हातात देताना एवढंच विचारलं, "त्यांना आवडला का हो, खरंच?"

"दोन खाल्ले," ती म्हणाली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी सासूबाई खिडकीशी बसून बार खात होत्या. प्रत्येक घासानंतर वेष्टनावरच्या त्या फुगीर माणसाकडं बघत होत्या.

"अगं, याच्यात ताकद पुष्कळ असते म्हणे. खरं का? तुझं तर कामच ते."

सुनेनं तोंड उघडलं. खरं बोललं तर बाईंचा हात पुन्हा थांबेल, हे तिला दिसत होतं.

"असते, आई."

"मग हा अर्धा तू घे."

"नको, तुम्ही खा."

"घे म्हणते ना. आरशात बघितलंस का स्वतःला? त्यांच्यामागं माझ्या जेवणाची काळजी तू केलीस. तू जेवलीस की नाही, ते कोणी बघितलं?"

सून तिथंच जमिनीवर बसली. त्या अर्ध्या तुकड्यात काय होतं, हे सगळ्या गावात फक्त तिला आणि मालकाला ठाऊक होतं. तरी तिनं तो सावकाश, चावून चावून खाल्ला, आणि हात न पुसताच सासूबाईंपुढं पुन्हा केला.

सासूबाईंनी दुसरा बार फोडला.