सुखोदोलची सुरक्षित गाडी

सोव्हिएत सरकारकडून सुखोदोलच्या सामुदायिक शेताला, खास दवाखान्यासाठी, नवी कोरी उआझ जीप मिळाली. चारही चाकांना जोर असलेली ही गाडी कसल्याही चिखलातून निघे. सगळ्यांत जास्त आनंद ग्लाफिराला झाला. गावात डॉक्टर नव्हता. नर्स म्हणा, सुईण म्हणा, ती एकटीच. वसंतात बर्फ वितळलं की इस्पितळाचा रस्ता गडप होई आणि अडलेल्या बाया वाटेतच राहत.

गाडी उभी केली की वायपर काढून घरी न्यायचे, ही त्या मुलुखातली रीतच होती. न काढणाऱ्याला लोक खुळा म्हणत. अध्यक्ष येफिम कपितोनिच यांनी या रीतीला शासकीय उंची दिली. वायपर चोरीला जातात, तर बॅटरी का जाणार नाही? चाकं? आरसे? सबब, प्रत्येक भाग एकेका जबाबदार नागरिकाच्या ताब्यात देण्यात यावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. बॅटरी खुद्द अध्यक्षांकडे गेली. तिच्यावर त्यांचा रेडिओ झकास चालू लागला. मागचं बाकडं वाचनालयात गेलं. एक चाक गोदामवाल्या सावेलीच्या हातगाडीला चपखल बसलं. चोरी एकही झाली नाही. जिल्ह्याने गावाचा सत्कार केला.

एप्रिलमध्ये सावेलीचीच बायको तैसिया अडली. मूल आडवं होतं. ग्लाफिरा चिखल तुडवत दारोदार फिरली. अध्यक्ष म्हणाले, चाकं नसलेल्या गाडीला बॅटरी देणं बेजबाबदारपणाचं होईल. चाकवाले म्हणाले, आधी बॅटरी येऊ द्या. शेवटी ती सावेलीच्या अंगणात आली. हातगाडीत शेणखत भरलेलं होतं.

"सावेली, चाक काढ."

"काढतो की. बाकीची तीन आणलीत का? मी एकट्यानंच का म्हणून?"

"अरे, बायको तुझी आहे."

"बायको माझीच. चाक सरकारी आहे, ग्लाफिरा तिखोनोव्ना."

शेवटी तैसियाला घेऊन घोडागाडीच निघाली आणि अर्ध्या वाटेत रुतली. तैसिया वाचली. बाळ गेलं.

चौकशी समिती आली. प्रत्येकाने आपापला भाग पुसून समोर मांडला. एकही बोल्ट कमी नव्हता. गाडी सुरक्षित असल्याने दोषी कोणी नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो मतास टाकला गेला. ग्लाफिराच्या अंगाची लाहीलाही होत होती. एकेकाचं नाव घेऊन बोलायचं ठरवून ती उठलीही. मग समोर मांडलेल्या भागांत तिला तिनेच पुसून आणलेला, दवाखान्यातल्या मोरीवरचा आरसा दिसला. रोज सकाळी त्यात बघून ती डोक्याला रुमाल बांधत असे. तोही गाडीचाच होता. ती खाली बसली आणि तिने सगळ्यांबरोबर हात वर केला.

आता तुम्ही सुखोदोलकरांना नावं ठेवत असाल. जरूर ठेवा. त्यांच्याविरुद्ध खरमरीत पत्रसुद्धा लिहा. फक्त ते कचेरीतून घरी आणलेल्या पेनाने लिहू नका.